एकटीने दार्जिलिंग, एक दिवस, आणि टायगर हिल राहिलंच

भटकभवानी:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या. लांबड लागणार आहे.

नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाने सिलिगुडीला जाणं झालं. शुक्रवारी दुपारी बारालाच काम उरकलं आणि परतीचं विमान रविवारी दुपारी बागडोगऱ्याहून, म्हणजे मधला शनिवार अख्खा मोकळा. बरोबरचे दोघं म्हणाले आम्ही हॉटेलवर झोप काढणार. मी बॅग उचलली आणि शेअर जीपचा स्टँड गाठला. सुमोत दहा जण कोंबतात, त्यामुळे मी ड्रायव्हरशेजारच्या दोन्ही सीटचे पैसे भरले, उधळपट्टी म्हणा हवं तर, पण तीन तासांच्या वळणांमध्ये गुडघे आणि पोट दोन्ही शाबूत राहिलं. सिलिगुडी जवळजवळ सपाटीवरच आहे आणि दार्जिलिंग दोन हजार मीटरच्या वर, म्हणजे एका दुपारीत आपण ऋतूच बदलतो. कुर्सियांगला कानाला दडे बसले, सोनाद्याला स्वेटर चढला, घूमला शाल निघाली.

पहिला धक्का म्हणजे अंधार. पावणेपाचला सूर्य गायब आणि पाच-सव्वापाचला दिवे. घड्याळ आपल्यासारखंच, पण गाव इतकं पूर्वेला की सूर्य पुण्या-मुंबईपेक्षा तासभर आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो. प्लॅन करताना हे कोणी सांगत नाही, मी आपली 'सहापर्यंत फिरू' असा हिशेब करून गेलेले.

होमस्टेवाल्या दिदींनी विचारलं, टायगर हिलची (सगळे सूर्योदय बघायला जातात ती टेकडी) जीप सांगू का, साडेतीनला दारात येईल. मी हो म्हणाले. तीनचा गजर लावला. तीनला उठले, खिडकीचा पडदा सरकवला तर खाली रस्त्यावर जीपच्या लाल दिव्यांची माळ घूमच्या दिशेने चाललेली, काच इतकी गार की बोट लावलं ते चिकटल्यासारखं वाटलं. दिदींना मेसेज टाकला, जीपवाल्याला नाही सांगा, पैसे देते. आणि रजई डोक्यावर.

सव्वापाचला कुत्र्यांनी उठवलं. उजाडायला लागलेलं. म्हटलं आता जागच आलीये तर चौरस्त्यापर्यंत, म्हणजे गावातल्या मोठ्या चौकापर्यंत, तरी जाऊ. चौरस्त्याच्या मागे ऑब्झर्वेटरी हिल नावाची टेकडी आहे, तिला वळसा घालून सपाट रस्ता जातो, सकाळी अर्धं गाव तिथे फिरायला. जपमाळ ओढणाऱ्या आज्या, ट्रॅकसूटवाले काका, कॉलेजची पोरं. उत्तरेकडच्या कठड्याशी येऊन मी ढगांकडे बघत उभी राहिले. दरीत ढग, त्याच्यावर करडी पट्टी, मी त्या पट्टीत कांचनजंगाचा डोंगर शोधतेय. शेजारच्या आजींनी माझ्या हनुवटीखाली बोट लावून मान वर केली. अक्षरशः! आणि म्हणाल्या, "आज त खुल्यो नि." डोंगर मी बघत होते त्याच्या कितीतरी वर होता. आपण सह्याद्रीतली माणसं, डोंगर म्हणजे क्षितिजाला लागून असणार असं डोळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. ८,५८६ मीटर, सत्तरेक किलोमीटर लांब, आणि तरी ढगांच्या वरून आपल्याकडे वाकून बघतोय. आधी टोकाला शेंदरी ठिपका, मग तो रंग खाली उतरत गेला, गुलाबी, मग पिवळट, आणि पंधरा मिनिटांत नुसता पांढरा. 'खुल्यो' ह्या शब्दाला भाषांतर लागलं नाही.

नंतर मात्र मी ठरवलं की आज गाडी करायचीच नाही, पायी जमेल तेवढं. तिबेटी ब्रेड आणि ऑम्लेट खाल्लं. मग महाकाल मंदिर, त्याच टेकडीवर. पताकांच्या इतक्या रांगा की आभाळ तुकड्यातुकड्यात दिसतं, आणि एकाच गाभाऱ्यात भटजी आणि लामा शेजारी शेजारी बसलेले. इथे पूर्वी दोर्जे लिंग मठ होता, गावाचं नाव त्यावरून. माकडांपासून प्रसाद सांभाळा.

तिथून उतरत उतरत अर्ध्या तासात प्राणिसंग्रहालय, आणि त्याच आवारात, त्याच तिकिटात हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट. रेड पांडा बघण्यात माझा पाऊण तास गेला, लाज वाटत नाही सांगायला. एक जण फांदीवर पोट टेकून चारी पाय खाली सोडून पडलेला, दुपारच्या जेवणानंतरच्या माझ्या मामासारखा. मग उठला, पुढचा पंजा चाटून मांजरीसारखं तोंड धुतलं, बांबूची पानं एका हाताने ओढून बाजूच्या दातांनी कचाकचा खाल्ली आणि परत पडला. नेपाळीत ह्याला हाब्रे म्हणतात. हिमबिबट्या होता पण त्याने फक्त पाठ दाखवली.

म्युझियममध्ये जुने बूट बघा. एव्हरेस्टची पुस्तकं वाचून जे कळत नाही ते त्या बुटांकडे बघून कळतं, कसल्या सामानानिशी गेलेत लोक! इन्स्टिट्यूट १९५४ ची, म्हणजे एव्हरेस्ट सर झाल्यावर दीड वर्षात काढलेली, आणि तेनझिंग तिथे फील्ड ट्रेनिंगचे पहिले डायरेक्टर. त्यांची समाधी आवारातच आहे. १९३५ साली हमाल म्हणून पहिल्यांदा मोहिमेवर गेलेला माणूस.

पुढे हॅपी व्हॅली चहाचा मळा, तो १८५४ पासूनचा. खोड एवढंसं पण मुळं जुनी, झुडपं कमरेइतकी. तोडणी जवळपास आटपलेली. फॅक्टरी दाखवणाऱ्या मुलीने शेवटी कप हातात दिला आणि मी सवयीने विचारलं, दूध? ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

वर येताना मात्र जीव निघाला. तो चढ पायऱ्यांचा आहे आणि पायऱ्या कोणी एका मापाच्या केलेल्या नाहीत. भिंतीला लागून पाण्याच्या नळ्यांचे जुडगे, काळ्या, निळ्या, मनगटाएवढ्या बारक्या, एकमेकींवर बांधलेल्या, वीसेक तरी. एक ठिबकत होती तिथे कोणीतरी प्लास्टिकची पिशवी गच्च बांधलेली. त्या ठिबकण्याशी बसून मी अर्धी बाटली पाणी प्यायले.

दुपारी शेअर जीपने घूम. टॉय ट्रेनचं बुकिंग नव्हतंच. घूममध्ये धुकं असं की स्टेशनची पाटी वाचायला जवळ जावं लागलं. जुन्या मठात १५ फुटी मैत्रेय बुद्ध, आत तुपाच्या दिव्यांचा वास, आणि मी आणि एक झोपाळू मांजर सोडून कोणी नाही. परतताना साडेचार वाजले. चौरस्त्याच्या बाकावर बसून गार मोमो खाल्ले, गरम घेतले होते, पोचेपर्यंत गार झाले.

एकटीने जेवायला, हिंडायला काही वाटलं नाही. फक्त सकाळी कठड्याशी मागे वळून कोणालातरी "बघ बघ" म्हणायला गेले आणि कोणी नव्हतं. आजी होत्या.

आता मारा शिव्या, टायगर हिल न बघता आले म्हणून.

रानवारा_११:
मस्त लिहिलंय. फोटो कुठेत?

सह्यगडी:
शिव्या मारायलाच आलोय, हा हा. अहो ताई, चौरस्त्यावरून कांचनजंगा दिसतो हे मान्य, पण टायगर हिल २,५९० मीटरवर आहे, तिथून कांचनजंगा तर दिसतोच, शिवाय हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्टचं टोक दिसतं. आणि गंमत म्हणजे मकालू हे दुसरं शिखर जवळ असल्याने एव्हरेस्टपेक्षा उंच वाटतो, लोक मकालूलाच नमस्कार करून येतात. एवढं लांब जायचं आणि एक पहाट जीवावर यायची म्हणजे कमाल आहे. थंडी कोणाला वाजत नाही?

भटकभवानी:
@सह्यगडी, थंडीचं कारण खरंच आहे, नाकारत नाही. पण त्या दिव्यांच्या माळेकडे बघून वाटलं की इतक्या सगळ्यांबरोबर मोबाईल वर धरून उभं राहायला मी एकटी आले नाहीये. एव्हरेस्टचं टोक राहिलं ह्याची मात्र चुटपुट लागली आता तुमच्यामुळे. धन्यवाद, झोप उडवल्याबद्दल.

@रानवारा, फोटोत डोंगर दाताच्या तुकड्याएवढा आलाय. रेड पांडाचे एकशे चौदा आहेत.

चकली_भाजणी:
एकशे चौदाच्या एकशे चौदा टाका.

सह्यगडी:
बरं एक भर घालतो. कांचनजंगाचं शिखर १९५५ च्या मेमध्ये पहिल्यांदा सर झालं तेव्हा ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या थोडं खाली थांबले, वर पाय ठेवला नाही, कारण सिक्कीमच्या लोकांसाठी तो देव आहे आणि तसा शब्द दिला होता. पुढच्याही बऱ्याच जणांनी ते पाळलं. ही गोष्ट कळल्यापासून मला तो डोंगर एव्हरेस्टपेक्षा जास्त आवडतो. त्यामुळे तुमच्या आजींचं मान वर करणं वाचून मजा आली, टायगर हिलचा राग तसाच आहे.

आजीबाईचा_बटवा:
छान वर्णन. माझं वय ६३, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण एकटीने जायची फार इच्छा आहे. मुलगा म्हणतो टूरबरोबर जा. टूरवाले पहाटे उठवतात आणि दुपारी झोपू देत नाहीत. मला एका गावात चार दिवस नुसतं राहायचंय. जमेल का? खरं सांगा, धीर द्यायला म्हणून सांगू नका.

भटकभवानी:
काकू, खरं सांगते. चौरस्ता आणि टेकडीभोवतीचा वळसा सपाट आहे, बाक आहेत, गाड्या नाहीत. तिथे तुम्ही चार दिवस आरामात काढाल. पण राहायची जागा चौरस्त्याच्या पातळीवरच घ्या, नकाशात 'दोनशे मीटर' दिसतं ते कधी कधी सरळ खाली दोनशे पायऱ्या असतात. बुकिंग करताना फोन करून एकच प्रश्न विचारा, दारापर्यंत किती पायऱ्या. प्राणिसंग्रहालयात आतही चढ आहे, तिथे जाताना टॅक्सीने जा. चहाच्या मळ्यात रस्त्यावरून बघा, खाली उतरू नका.

डोंगरकाका:
बटवाताई, मी ६८ चा, दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, काठी घेऊन. काठीचा उपयोग चढायला कमी आणि उतरायला जास्त, हे लक्षात ठेवा. आणि पहिला दिवस काहीही करू नका, सपाटीवरून एकदम दोन हजार मीटर म्हणजे फार नाही, पण दम लागतो आणि माणूस उगाच घाबरतो.

माझी फजिती सांगतो, कोणाला उपयोग होईल. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. मी गुरुवारी गेलो. गेटवर माझ्यासारखे अजून आठ जण उभे, त्यातले चार मराठी.

अर्धाकप:
आणि ते पॉइंटवाले! मला एका जीपवाल्याने 'सेव्हन पॉइंट' म्हणून भरमसाठ पैसे घेतले. त्यातला एक पॉइंट तेनझिंग रॉक आणि दुसरा गोम्बू रॉक. रस्त्याच्या ह्या बाजूला एक दगड, त्या बाजूला दुसरा. झाले दोन पॉइंट. चहाचा मळा रस्त्यावरून, तो तिसरा. ताई, तुम्ही पायी फिरलात ते शहाणपणाचं.

सह्यगडी:
@अर्धाकप, दगडाला हसू नका हो, त्यावर पोरांना चढाई शिकवतात. आणि गोम्बू म्हणजे नवांग गोम्बू, तेनझिंगचे भाचे, एव्हरेस्ट दोनदा चढणारे जगातले पहिले, १९६३ आणि १९६५. जीपवाल्याने हे सांगितलं असतं तर तुमचे पैसे वसूल झाले असते.

वाफेचं_इंजिन:
धागा उशिरा दिसला. ताईंनी सगळं केलं आणि टॉय ट्रेनमध्ये बसल्या नाहीत, हे वाचून मला जेवण गेलं नाही.

थोडं लिहितो, न राहवून. ही लाइन १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोचली, रुळांतलं अंतर २ फूट, आपल्या माथेरानचंही तेवढंच, फक्त माथेरान १९०७ चं. न्यू जलपायगुडीपासून वर ८८ किलोमीटर आणि त्याला अख्खा दिवस लागतो, जीप तीन तासांत जाते, म्हणून शहाणी माणसं जीपने जातात आणि आमच्यासारखी गाडीने. गंमत अशी की एवढ्या चढाला दातेरी रूळ नाहीत. मग चढ कसा काढला, तर कुठे गाडी स्वतःच्याच रुळावरून गोल फिरवून वर घेतली, कुठे पुढे-मागे-पुढे अशी झेडच्या आकारात ढकलली. बतासियाचा लूपही त्यातलाच, १९१९ चा, घूमहून दार्जिलिंगला उतरताना उतार फार तीव्र होता म्हणून गाडीला गोल फिरवून उंची मोडायची. मधे गोरखा जवानांचं स्मारक आहे. घूम २,२५८ मीटर, भारतातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. १९९९ पासून जागतिक वारसा.

वाफेचं इंजिन असेल तर पुढे बफरवर दोन माणसं बसलेली दिसतील, रूळ ओले असले की चाकापुढे मुठीने वाळू टाकतात. शंभर वर्षांत ह्याला दुसरा उपाय निघालेला नाही. दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग अशी दोन तासांची फेरी असते, बतासियाला दहा मिनिटं थांबते, घूमला जास्त. डिझेलचं तिकीट स्वस्त, वाफेचं महाग. वाफेचंच काढा, आणि आधी ऑनलाइन काढा, सीझनला खिडकीवर मिळत नाही.

भटकभवानी:
@वाफेचं_इंजिन, बसले नाही पण पाहिली हो! घूमहून परत येताना जीप ट्रॅफिकमध्ये अडकली आणि शेजारून शिट्टी आली. दुकानदाराने न बघता पायाने स्वेटरचं टेबल आत ओढलं, गाडी गेली, पायानेच परत बाहेर ढकललं. बाकी कोणी मानही वर केली नाही. गाडीतले सगळे मात्र आमच्याकडे हात हलवत होते, आणि मीही वेड्यासारखा हलवला.

तुडुंब:
माफ करा पण मला दार्जिलिंग अजिबात आवडलं नाही. सिमेंटचं जंगल, तासतासभर ट्रॅफिक, हॉर्न, हॉटेलात आंघोळीला एक बादली पाणी मोजून. हिमालय बघायचा तर शहरात कशाला जायचं?

डोंगरकाका:
पाण्याचं खरं आहे. पाणी येतं वरच्या सिंचलच्या तळ्यांमधून, ती बांधली इंग्रजांच्या वेळी, तेव्हाच्या गावापुरती. आता गाव कितीतरी पटीने वाढलं आणि वर आपण सगळे. ताईंनी लिहिलेल्या त्या नळ्या म्हणजे ज्याने त्याने आपापल्या झऱ्यावरून, टाकीवरून घरापर्यंत ओढलेली लाइन. पाऊस प्रचंड पडतो, पण उतारावरून निघून जातो, उन्हाळ्यात टँकर. कोकणातल्यांना हे समजावून सांगायला नको.

भटकभवानी:
@तुडुंब, ट्रॅफिकबद्दल शंभर टक्के मान्य. पण मला शहरच हवं होतं. एकटं असताना रानात भीती वाटते, शहरात आपण कोणाच्या खिजगणतीत नसतो, ते मला बरं वाटतं.

स्वप्नाळू_सोनचाफा:
मला विचारायचं होतं, मुलगी म्हणून एकटीला रात्री कसं वाटलं? घरी पटवायचंय.

भटकभवानी:
सोनचाफा, काही वाईट अनुभव नाही आला. बायका दुकानं चालवतात, हॉटेलं चालवतात, रस्त्यावर भरपूर दिसतात, त्याने फरक पडतो. पण गाव लवकर झोपतं, आठनंतर बाजारात शुकशुकाट, गल्ल्या उताराच्या आणि दिवे कमी. मी साडेसातला खोलीत होते. खाली उतरायची जीप सकाळची घे, दुपारनंतर धुकं आणि गर्दी. घरी पटवण्यासाठी मी वापरलेली युक्ती: पोचल्यावर सांगितलं.

चहाबाज:
दुधाचा प्रसंग वाचून ठसका लागला. ताई, तुम्ही चुकीच्या महिन्यात गेलात, चहापुरतं बोलतोय. मार्च-एप्रिलचा फर्स्ट फ्लश, म्हणजे पहिल्या तोडणीचा चहा, फिका, हिरवट, फुलासारखा. मे-जूनचा सेकंड फ्लश, त्याला द्राक्षासारखा वास असतो, मस्कटेल म्हणतात. आणि तो वास कसा येतो माहितीये? तुडतुडे! आपले कापसावरचे असतात त्यांचेच भाऊबंद. ते कोवळं पान चावतात, झाड बचावासाठी सुवासिक द्रव्यं तयार करतं आणि आपण त्याचे हजारो रुपये मोजतो. माझे वडील आयुष्यभर तुडतुड्यांवर फवारण्या करत आले, त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

भारतात जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली पहिली वस्तू म्हणजे दार्जिलिंग चहा, २००४ साली. पाणी खळखळा उकळू नका, तीन मिनिटं झाकून ठेवा, गाळा. दूध घातलंत तर इथे लिहू नका.

पानगळ:
चौरस्त्यावर पुतळा आहे तो भानुभक्त आचार्यांचा, रामायण नेपाळीत आणणारे कवी. बरेच जण तो कोणा सेनापतीचा समजून फोटो काढतात. आणि भगिनी निवेदिता दार्जिलिंगलाच वारल्या, १९११ मध्ये, चित्तरंजन दासही तिथेच, १९२५ मध्ये. हवापालटाला पाठवलेली माणसं. नेहरू रोडवर केव्हेंटर्स रेस्टॉरंटच्या गच्चीत बसायचं राहिलं का?

भटकभवानी:
राहिलं, पानगळ. पुतळ्याच्या पायाशीच मोमो खाल्ले, आणि सेनापतीच समजले.

आजीबाईचा_बटवा:
तिकीट काढलं. मार्चचा दुसरा आठवडा, चार रात्री. फोन करून पायऱ्या विचारल्या, म्हणाले अकरा. मुलाला अजून सांगितलं नाही, ती युक्ती वर वाचली.

सह्यगडी:
अभिनंदन! पण मार्चमध्ये हवा धुरकट असते, डोंगर दिसेलच असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट.

चहाबाज:
डोंगर गेला उडत, मार्चमध्ये फर्स्ट फ्लश असतो. काकू, बरोबर जाताय.

वाफेचं_इंजिन:
वाफेचं तिकीट काढा. खिडकीकडची सीट.

आजीबाईचा_बटवा:
काढलं, वाफेचं. डोंगर दिसला तर बघेन, नाही दिसला तर बाकावर बसेन. बिनदुधाचा चहा जमतो का तेही बघते. दूध पावडर पिशवीत घेतलीच आहे.